फिटलेलें कर्ज आणि न फाटलेलें खत

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या आनंदांत कर्जाचा विषय काढावा, हें कित्येकांस प्रसंगास सोडून वाटेल. परंतु महोत्सव आणि कर्ज यांचें नातें आजचें नव्हे. जुन्या करारांतील लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षाचा जो नियम घालून दिला आहे, त्याप्रमाणें गरजेपायीं विकलेली जमीन त्या वर्षीं मूळ घराण्याकडे परत जावयाची, आणि दारिद्र्यामुळें दुसऱ्याच्या दास्यांत गेलेला मनुष्य आपल्या कुटुंबांत परत यावयाचा. पैशाच्या हिशेबापलीकडे, त्या माणसाची चार माणसांतली जागा त्यास परत मिळावी, असा त्या नियमाचा हेतु होता. आमच्या आजच्या भाषणाचा विषय हीच जागा आहे. कर्ज फेडलें म्हणजे पैसा चुकता होतो. पत मात्र आपल्या पायांनीं चालत घरीं येत नाहीं. ती जाऊन आणावी लागते. ती कोणत्या वाटेनें आणावी, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

आपण आंबेनळीच्या पायथ्याचे लोक आहोंत. पावसाळ्यांत घाटांत दरड येते आणि पोलादपुराहून प्रतापगडाच्या बाजूनें महाबळेश्वरास जाणारी वाट अडते, हें आपणांस नवें नाहीं. २०२१ च्या जुलै महिन्यांतील अतिवृष्टींत तर हा घाटरस्ता जागोजागीं खचला होता. आतां असें समजा कीं दरड उपसून झाली, खचलेला भाग बांधून झाला, परंतु खालीं नाक्यावर लावलेली ‘रस्ता बंद’ ही पाटी काढण्याचें कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं. मग काय होईल? रस्ता मोकळा असूनहि गाडीवान पाटी वाचून माघारीं फिरतील. कर्ज फेडलेल्या पुष्कळ माणसांची आज हीच स्थिति आहे. त्यांनीं दरड उपसली आहे. पाटी मात्र तशीच उभी आहे, आणि ती उभी आहे हें त्यांस ठाऊकहि नाहीं.

आपल्या आजेपणज्यांस ही गोष्ट आपल्याहून चांगली कळत होती. त्यांच्या काळीं सावकाराकडे कर्जाचें खत असे. शहाणा ऋणको शेवटचा रुपया मोजून देतांना हात पुढें करून तें खत मागून घेई, आणि चार साक्षीदारांदेखत फाडून टाकी. अथवा फारखत लिहून घेई. जो संकोचानें किंवा भोळेपणानें खत सावकाराच्या पेटींतच राहूं देई, त्याच्यावर त्याच खताच्या जोरावर पुन्हां फिर्याद होण्याची भीति असे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांचा जो उठाव झाला, त्यांत लोकांचा मुख्य रोख सावकारांच्या घरांतील खतें व रोखे हस्तगत करून जाळून टाकण्यावर होता. कागद उरला तोंवर कर्ज उरलें, हें त्यांनीं अनुभवानें ओळखलें होतें. पुढें १८७९ सालीं सरकारनें दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं कायदा केला. तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. म्हणजे आपल्या घाटाच्या माथ्यापर्यंत तो त्या वेळीं आला. भरलेल्या पैशाची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क त्या कायद्यानें शेतकऱ्यास दिला. दीडशें वर्षें होत आलीं, तरी त्यांतील बोध जुना झालेला नाहीं: पैसा भरणें हें एक काम, आणि भरल्याचा पुरावा हातीं घेणें हें दुसरें काम.

आजचें खत पेटींत नसतें. तें संगणकांत असतें. भारतांत पतमाहिती गोळा करणारी पहिली कंपनी २००० सालीं स्थापन झाली. तिचें ‘सिबिल’ हें नांव आतां इतकें रूढ झालें आहे कीं बँकेंत ‘तुमचें सिबिल काय?’ असेंच विचारतात. २००५ सालीं या कामासाठीं स्वतंत्र कायदा झाला. रिझर्व्ह बँकेच्या परवान्यानें ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या हें काम करूं लागल्या. आपण कोणत्या बँकेकडून किती कर्ज घेतलें, हप्ता किती दिवस उशिरां भरला, कर्ज कोणत्या रीतीनें संपलें, हें सारें बँका त्यांस कळवितात. त्यावरून ३०० पासून ९०० पर्यंत एक अंक काढला जातो. अंक जितका मोठा, तितकी पत चांगली समजतात. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. या कंपन्या आपणांस कर्ज देतहि नाहींत आणि नाकारीतहि नाहींत. त्या केवळ वही ठेवतात; ती वाचून हो किंवा नाहीं म्हणणारी बँक निराळी असते.

आमच्या पाहण्यांतील एक उदाहरण सांगतों. त्या बांधवाचें नांव घेण्याचें कारण नाहीं. २०२१ सालच्या जुलै महिन्याच्या २२ तारखेस सावित्रीच्या पुरानें महाड शहर बुडालें. त्याच दिवशीं तळिये गांवावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसें दगावलीं. त्या दुःखापुढें दुकानाचें नुकसान काय, असें म्हणून या बांधवानें आपल्या दुकानांतील चिखल निमूटपणें उपसला. मालासाठीं काढलेलें कर्ज डोक्यावर होतें आणि माल तर पुरांत गेला होता. हप्ते थकले. पुढें कर्ज देणाऱ्या संस्थेनें तडजोड सुचविली: एक लाख ऐंशी हजारांची बाकी आहे, एक लाख वीस हजार एकरकमी भरा, म्हणजे आम्ही खातें मिटवितों. बांधवानें नातेवाइकांकडून हातउसनें घेऊन पैसे भरले. एक चिठ्ठी मिळाली. ती त्यानें देवघराच्या फळीवर ठेविली, आणि कित्येक महिन्यांनीं तो प्रथमच सुखानें झोंपला.

२०२४ सालीं त्याच्या मुलीस परिचारिकेच्या शिक्षणासाठीं प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जाच्या अर्जावर बापाची सही सहकर्जदार म्हणून लागते. बँकेनें त्याची नोंद पाहिली, आणि अर्ज नाकारला. नोंदींत त्या जुन्या खात्यापुढें ‘सेटल्ड’ असा शब्द होता. ‘आम्हीं तर पैसे भरले,’ असें तो पुन्हां पुन्हां सांगे. आणि तें खोटेंहि नव्हतें. परंतु वहीच्या भाषेंत त्या शब्दाचा अर्थ असा होता कीं, या मनुष्यानें ठरलेली पुरी रक्कम न देतां कमी रकमेवर प्रकरण मिटविलें. पुढें त्याच्याकडून अधिक चूक झाली. ‘तुमची नोंद महिन्याभरांत पुसून देतों’ असें सांगणारा एक दलाल त्यास भेटला. दलालानें आठ हजार रुपये घेतले, आज-उद्यां करीत चार महिने घालविले, आणि शेवटीं दूरध्वनि उचलणेंहि बंद केलें. मुलीचें तें वर्ष गेलें.

नंतर तो आमच्याकडे आला, तेव्हां फळीवरची चिठ्ठी आम्हीं प्रथम वाचून पाहिली. मग त्या संस्थेस लेखी अर्ज केला कीं, सोडून दिलेले साठ हजार रुपये आम्ही भरूं इच्छितों. ते घेऊन खातें पूर्ण फेडीनें बंद झाल्याचें कळवावें. भावांनीं हातभार लावला आणि रक्कम भरली गेली. बाकी कांहीं नाहीं असा दाखला मिळाला, आणि थोड्या आठवड्यांत नोंदींतील शब्द पालटून ‘क्लोज्ड’ झाला. पुराच्या काळांतील थकलेल्या हप्त्यांच्या खुणा मात्र राहिल्या. त्या खऱ्या होत्या, आणि खऱ्या खुणा पुसतां येत नाहींत. परंतु पुराचा पंचनामा आणि दाखला एकत्र ठेवल्यावर दुसऱ्या वर्षीं बँकेनें अर्ज मान्य केला. मुलगी आज शिकत आहे. तरी गेलेलें वर्ष कोणीहि परत देऊं शकलें नाहीं, आणि तेंच आपणां सर्वांचें वांचावें म्हणून हें भाषण.

या उदाहरणावरून पहिली शिकवण अशी कीं, कर्ज संपण्याचे प्रकार तीन आहेत आणि त्यांचे शब्द निरनिराळे आहेत. पुरी फेड झाली म्हणजे ‘क्लोज्ड’. कमी रकमेवर मिटविलें म्हणजे ‘सेटल्ड’. बँकेनें आशा सोडून आपल्या हिशेबांतून वगळलें म्हणजे ‘रिटन ऑफ’. हा तिसरा शब्द फार फसवा आहे. कित्येकजण समजतात कीं कर्ज माफ झालें. तसें नाहीं. बँकेनें तें आपल्या ताळेबंदांतून काढलें, एवढाच त्याचा अर्थ. मागण्याचा तिचा हक्क कायम असतो, आणि नोंदींत हा शब्द सर्वांत वाईट दिसतो. म्हणून तडजोड करण्यापूर्वीं विचारावें: नोंदींत कोणता शब्द येईल? ज्यांच्याजवळ खरोखर पैसा नाहीं त्यांनीं तडजोड केली तर त्यांत कांहीं लाज नाहीं. परंतु तिचें मोल जाणून ती करावी. २०१७ व २०१९ सालच्या राज्य सरकारच्या शेतकरी कर्जमाफीच्या योजनांत ज्यांचीं नांवें आलीं, त्यांनींहि आपल्या खात्यापुढें काय लिहिलें आहे तें एकदां पाहून घ्यावें.

दुसरी शिकवण कागदांची. शेवटचा हप्ता भरला त्याच दिवशीं तीन गोष्टी मागाव्या: बाकी शून्य दाखविणारा खातेउतारा, ‘बाकी कांहीं येणें नाहीं’ असा सहीशिक्क्याचा दाखला, आणि तारणाचे मूळ कागद. रिझर्व्ह बँकेनें १३ सप्टेंबर २०२३ रोजीं आदेश काढला कीं, पुरी फेड झाल्यापासून ३० दिवसांच्या आंत घराजमिनीचे मूळ कागद परत द्यावे. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या दोषामुळें विलंब झाल्यास दर दिवसास ५,००० रुपये भरपाई द्यावी. ज्या कर्जांचे कागद परत देण्याची मुदत १ डिसेंबर २०२३ रोजीं किंवा त्यानंतर येते, त्यांस तो लागू झाला. जमिनीवर कर्ज होतें तर सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यांत बँकेचा बोजा चढलेला असतो. तो आपोआप उतरत नाहीं. बँकेचें पत्र घेऊन तलाठ्याकडे, ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, अर्ज द्यावा आणि फेरफार मंजूर होऊन कोरा उतारा हातीं येईपर्यंत पाठ सोडूं नये. घाटांत रिक्षा किंवा टेंपो चालविणाऱ्या तरुणांनीं वाहनाच्या नोंदणीपुस्तकावरील कर्ज देणाऱ्या संस्थेचें नांव परिवहन कार्यालयांतून काढून घ्यावें. आजोबा खत फाडीत असत. आपण बोजा उतरवावा. काम एकच आहे.

तिसरी शिकवण अशी कीं, आपली नोंद आपण वाचावी. वर सांगितलेल्या प्रत्येक कंपनीनें दर वर्षीं एकदां संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा नियम २०१७ पासून आहे. आपला अहवाल आपण पाहिल्यानें अंक कमी होतो, हा समज चुकीचा आहे. अंक कमी होण्याचा संभव असतो तो एकाच महिन्यांत पांच ठिकाणीं कर्जाचे अर्ज टाकल्यानें. अहवाल हातीं आल्यावर आधीं अंक पाहूं नये. आधीं आपलें नांव, जन्मतारीख, पॅन क्रमांक आणि पत्ता पाहावा. या बाबतींत आपल्या समाजास विशेष जपावें लागतें. आपलीं आडनांवें पोर्तुगीज वळणाचीं. इंग्रजी लिपींत तीं बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एका रीतीनें, शिधापत्रिकेवर दुसऱ्या रीतीनें आणि पॅनकार्डावर तिसऱ्याच रीतीनें लिहिलेलीं आढळतात. त्यांत एकाच गांवांत एकाच नांवाचे आणि आडनांवाचे दोघे-तिघे असणें नवलाचें नाहीं. म्हणून दुसऱ्याचें थकलेलें कर्ज आपल्या नांवावर लागणें, किंवा आपलें फिटलेलें खातें चालूच दिसणें, असे प्रकार घडूं शकतात. मग एकेक खातें घेऊन पाहावें: हें माझेंच आहे काय? बाकी शून्य आहे काय? पुढें शब्द कोणता आहे?

चूक आढळली तर काय करावें? रागावूं नये, आणि गप्पहि बसूं नये. ज्या कंपनीच्या अहवालांत चूक असेल तिच्याकडे, आणि ज्या संस्थेनें ती माहिती कळविली तिच्याकडेहि, दाखल्याची प्रत जोडून लेखी तक्रार करावी. कंपनीस आपल्या मनानें नोंद बदलतां येत नाहीं. संस्थेनें होकार दिला तरच ती बदलते. म्हणून दोन्हीकडे अर्ज करणें इष्ट. यासाठीं ३० दिवसांची मुदत आहे. त्यांपैकीं २१ दिवसांच्या आंत कर्ज देणाऱ्या संस्थेनें दुरुस्त माहिती कंपनीस पाठवावयाची असते. मुदत टळली तर तक्रारदारास दर दिवसास १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ सालचा आदेश २०२४ पासून अमलांत आला. दुरुस्ती नाकारली तर तिचें कारण कळविणेंहि संस्थेवर बंधनकारक केलें आहे. इतक्यानेंहि दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावें. पतमाहिती कंपन्याहि २०२२ पासून त्यांच्या कक्षेंत आल्या आहेत. तेथें फी नाहीं, वकील लागत नाहीं, आणि दलाल तर मुळींच लागत नाहीं. पूर्वीं बँका महिन्यांतून एकदां माहिती पाठवीत. १ जानेवारी २०२५ पासून निदान दर पंधरवड्यास ती पाठवावी असें ठरलें. म्हणून फेड केल्यावर महिना-दीड महिना थांबून अहवाल पाहावा, म्हणजे खरी स्थिति कळेल.

आतां जें दुरुस्त होत नाहीं त्याविषयीं. जें चुकीचें आहे तें सुधारतां येतें. जें खरें आहे तें पुसतां येत नाहीं. कंपन्यांनीं माहिती निदान सात वर्षें जपून ठेवावी, असा नियम आहे. पुसून देतों म्हणणारा मनुष्य एक तर अज्ञानी असतो किंवा लबाड. परंतु यांतहि आशेस जागा आहे. जुना डाग राहिला तरी त्यावर नव्या, नेमस्त व्यवहाराच्या ओळी चढत जातात, आणि वाचणारा शेवटच्या ओळी अधिक लक्षपूर्वक वाचतो. यासाठीं मोठें कर्ज काढण्याची गरज नाहीं. बँकेंत थोडी मुदतठेव ठेवून तिच्या तारणावर लहानसें कर्ज किंवा कार्ड घ्यावें. जेवढें सहज फेडतां येईल तेवढेंच वापरावें. आणि तारीख उजाडण्यापूर्वीं भरावें. येथें एक सूचना. बँका माहिती कळवितात त्याप्रमाणें गांवोगांवच्या सर्व पतसंस्था ती कळवीत नाहींत. तेव्हां केवळ पत सुधारावी म्हणून कर्ज घेत असाल, तर त्या संस्थेची नोंद कंपन्यांकडे जाते काय, हें आधीं विचारावें.

जामीन राहणाऱ्यांसहि दोन शब्द. मित्राचा हप्ता थकला तर जामीनदाराच्या नोंदींतहि तो उमटूं शकतो. सही करणें हें स्नेहाचें काम आहे खरें. परंतु सही केल्यावर दर महिन्यास ‘हप्ता भरलास ना?’ असें विचारणें हेंहि स्नेहाचेंच काम आहे. त्यांत संकोच धरूं नये. आणि कर्ज फिटल्यावर जामीनदारानें स्वतःचा अहवालहि पाहून घ्यावा.

एकेकाळीं पतीची वही शेजाऱ्यांच्या मनांत असे. १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्याप्रमाणें खेड्यांतील पेढीच्या सभासदांची जबाबदारी अमर्याद असे. एकानें बुडविलें तर साऱ्यांस भरावें लागे, म्हणून प्रत्येकजण दुसऱ्यास ओळखून असे. आपल्याच वसईच्या बांधवांनीं १९१८ सालीं मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानें पापडी येथें पतपेढी काढली. तीच पुढें बसीन कॅथॉलिक सहकारी बँक म्हणून वाढली. त्या काळीं माणूस अडचणींत कां आला, पूर आला कीं आजार, कीं व्यसन, हें सांगावें लागत नसे. आजची वही अनोळखी माणूस शंभर कोसांवर बसून वाचतो. तिच्यांत थकलेले दिवस लिहिलेले असतात. पुराचें पाणी किती फूट चढलें होतें, हें लिहिलेलें नसतें. म्हणूनच जें लिहितां येतें तें तरी बिनचूक असावें, याची काळजी आपण घेतली पाहिजे.

आणि शेवटीं आपल्याच मनांतील वहीविषयीं. आमच्याकडे जे बंधुभगिनी सल्ल्यास येतात, त्यांतील बहुतेक अंधार पडल्यावर येतात. कोणी पाहूं नये, अशी त्यांची इच्छा असते. कर्ज फिटून वर्षें झालीं तरी ‘अमक्याचें दुकान कर्जांत बुडालें होतें’ हें वाक्य लग्नाच्या बोलणींत निघतें, दुकानाच्या पायरीवर निघतें. ही पाटी कोणत्याहि कंपनीनें लाविलेली नाहीं आणि कोणत्याहि लोकपालाकडे अर्ज करून ती निघणार नाहीं. ती आपणच काढूं शकतों. ज्यानें दरड उपसली त्याचा रस्ता आपण मोकळा समजावा. घरोघरीं फळीवर किंवा पेटींत फिटलेल्या कर्जाच्या जुन्या चिठ्ठ्या असतील, त्या या महोत्सवाच्या वर्षांत एकदां उघडून वाचाव्या. वाचतां न आल्यास दिवसाउजेडीं आमच्याकडे घेऊन याव्या. आपण मिळून वाचूं, आणि जें खत अद्याप फाटलेलें नाहीं, तें रीतसर फाडूं.